बद्द

एकतीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत
माझ्या हातात अर्ध्या किलोचा हातोडा.
गार झालेल्या कास्टिंगवर एक टोला.
खणखणीत वाजलं तर डावीकडं,
बद्द वाजलं तर परत भट्टीत.
डोळ्याला न दिसणारी चीर
कानाला सापडायची.
सगळे मला ठोक्या म्हणायचे.
रागात असली की मालनसुद्धा.

मंगळवारी दुपारी
पोराच्या जुन्या कॉम्प्युटरवर
गिरणीच्या मोटारीचं बेअरिंग शोधत होतो.
एकाएकी पडदा लाल झाला.
भोंगा सुरू झाला, शिफ्ट सुटल्यासारखा,
आणि मधोमध पांढरी अक्षरं:
मशीन बंद करू नका. या नंबरला फोन करा.

केला.
पलीकडचा पोरगा पहिलाच शब्द बोलला, सर.
एकतीस वर्षांत मला कुणी सर म्हटलं नव्हतं.
पुढचं सगळं त्या एका शब्दावरनं घसरत गेलं.

एक ॲप टाकायला लावलं,
नऊ आकडे वाचायला लावले.
मी चष्मा पुसून, थांबत थांबत वाचले,
हजेरीवरची नावं वाचावीत तसे.
मग पडद्यावरचा बाण आपोआप चालायला लागला.
माझा हात मांडीवर
आणि बाण चालतोय.
बँकेचं पान उघडा म्हणाला. उघडलं.
घरात कुणाला सांगू नका, सर, गोपनीय असतं.

तिथंच टोला मारायला पायजे होता.
सात पावलांवर मालन शेंगा भाजत होती
आणि मी आवाज खाली केला.

अठ्ठेचाळीस हजार सातशे.
मेसेज वाजला तेव्हा करपल्याचा वास आला,
का मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक.

वायर उपटली आणि गप्प बसलो.
जेवलो. झोपलो नाही.
चोरानं नेलं ते पाऊण तासात,
पण बारा तास लाजेनं नेले.

पहाटे मालननं नुसतं विचारलं, काय मोडलंय?
सांगितलं.
ती तशीच उठून शेजारच्या सायमा मुल्लाणीला घेऊन आली,
क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवणारी पोरगी,
ओले केस, हातात अर्धा ब्रश केलेली बहीण.
तिनं आधी एकोणीसशे तीस लावून दिला,
मग बँकेला, खातं गोठवायला.
पासवर्ड सगळे तिच्या फोनवरनं बदलले,
माझ्या मशीनला हातसुद्धा लावू दिला नाही.
ते ॲप काढलं, आतलं सगळं पुसून नव्यानं भरलं.
पोराच्या लग्नाचे फोटो तेवढे आधी बाजूला काढले.

पोलिसातल्या बाईंनी कागद लिहिता लिहिता सांगितलं,
काका, कंपनी कधी पडद्यावर नंबर लिहून बोलवत नसतीया.
नंबर आला की चोराचा समजायचा,
बटण दाबून धरायचं, मशीन बंद.
भोंग्याला घाबरायचं न्हाई.
आणि लाज वाटून घेऊ नकासा,
काल या खुर्चीत एक प्राध्यापक बसलेले.

अकरा हजार वाटेत अडकले होते, ते परत आले.
बाकीचे गेले.
दुधाच्या हिशेबाशेजारी, भिंतीवर,
मालननं पेन्सिलीनं १९३० लिहून ठेवलाय.

तीन आठवड्यांनी फोन आला.
दुसरा आवाज, वयस्कर, गोड.
सर, तुमचे बुडालेले पैसे सापडलेत.
थोडी फी भरा, आणि ते ॲप परत एकदा टाका.
अठ्ठेचाळीस हजार सातशे, त्यानं आकडासुद्धा बरोबर सांगितला.
माझ्या पोटात एकदम हललं.
खोटं कशाला बोलू, एक क्षण मी ॲपच शोधत होतो.

मग म्हटलं,
जरा थांबा हं, मंडळींना बोलावतो,
त्यांच्यासमोर बोलू.

तिकडं काही नाही.
पंख्याचा आवाज, कुणीतरी खोकलं,
आणि त्या गप्प होण्यात
मला स्पष्ट ऐकू आलं.

मालन पिठाच्या हातानं दारात आली.
कोण हुतं?
कास्टिंग, म्हटलं.
परत भट्टीत.